मल्लव्वा विचारते, मुंद एनात

सोमवारी कन्नडचा पेपर.
वेळापत्रक भिंतीवर आहे,
सूतवाल्या शेटजीनं दिलेल्या कॅलेंडरवर चिकटवलेलं,
पाच रंगांची स्केचपेनं, पट्टीनं आखलेल्या रेघा.
ते करण्यात अख्खा रविवार गेला
आणि त्यातला पहिलाच चौकोन, पहाटे पाच ते सहा,
मी झोपेत ओलांडला.

वडगावात रात्री नऊला कुणी गप्प बसत नाही.
आमचे दोन माग, पलीकडं होसूरकरांचे चार,
खटाक खटाक खटाक,
माझ्या पाठांतराला लहानपणापासून हाच ठेका.
पायथागोरस त्यात बसतो.
आम्लं बसतात, अल्कली बसतात.
कन्नड बसत नाही.

सुनेत्राचा मेसेज: किती झालं गे?
मी लिहिते: दोनदा.
ती लिहिते: माझं तीनदा.
दोघीही खोटं बोलतोय हे दोघींनाही माहीत,
तरी पोटात गोळा यायचा तो येतोच.
कोलकार सर शेवटच्या तासाला म्हणाले होते,
टेन्शन अजिबात घ्यायचं नाही,
आणि हे सांगताना त्यांच्या बोटांत खडू तीनदा मोडला.

मग लाईट गेली.
सगळे माग एकदम थांबले
आणि मला माझंच काळीज ऐकू आलं,
गल्लीत एकच माग कुणीतरी
चालू ठेवल्यासारखं.

आई म्हणाली, जेवून घे की,
पुस्तक काय पळून जातंय?
बाबा बॅटरी घेऊन तुटलेलं सूत शोधायला वाकले.
मल्लव्वा दारात कांड्या भरत होती.
तिच्या रहाटाला हेस्कॉम लागत नाही.
म्हणाली, वाच की मोठ्यानं. मी ऐकतो.

मोबाईलच्या उजेडात धडा सातवा.
एक पोर, हरवलेली शेळी, परका गाव, रात्र.
पोर एका दारात पाणी मागतं.
मी 'कोडु' वाचलं आणि मल्लव्वा हसत सुटली.
अगं, ओ एवढा लांबवू नको.
आखूड असला तर 'दे', लांबवलास तर 'शिंग'.
तुझं पोर म्हणतंय, पाणी शिंग!
आमच्या लिपीत एकच ओ.
तोच ओढत ओढत मी दहावीपर्यंत आले.

मला वाचता येतं, कळत नाही.
तिला सगळं कळतं, सही मात्र अंगठ्याची.
मी ओळ ओढायची, तिनं अर्थ सांगायचा,
अशी दोन पानं गेली.
तिसऱ्यावर माझा घसा सुकला. थांबले.
ती म्हणाली, मुंद एनात?
पुढं काय झालं?

वर्षभरात ह्या धड्याबद्दल हे कुणी विचारलं नव्हतं.
सरांनी नाही, गाईडनं नाही, मी तर नाहीच.
किती मार्कांना येतो,
एवढंच आम्ही एकमेकींना विचारत आलो.

आणि बाबा,
पाटीवर मराठी ओळ हवी म्हणून तरुणपणी लाठी खाल्लेले,
ज्यांचा गुडघा अजून थंडीत बोलतो,
ते मागाच्या पलीकडून अंधारात म्हणाले,
अगं, शेळीचं काय झालं ते तरी सांग.

तेवढ्यात लाईट आली.
होसूरकरांचे चारी सुरू झाले.
बाबांचा हात बटणापर्यंत गेला
आणि तिथंच राहिला.
अर्ध्या तासाचं कापड किती होतं
हे मला पाठ आहे, पेपरात येत नसलं तरी.

शेळी आधीच घरी पोचली होती.
सगळा गाव कंदील घेऊन
पोरालाच शोधत फिरत होता.
मल्लव्वा कांडी टोपलीत टाकत म्हणाली,
असंच असतंय ते.
आई म्हणाली, आता तरी जेवशील?

जेवले. दोनदा भात घेतला.
वेळापत्रकात दहा ते बारा इतिहास होता, जांभळ्या रंगात.
त्या चौकोनात
मी झोपले.