ओसरल्यानंतरची मोजणी

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
आम्ही मूळ विचारत नाही.
एवढंच विचारतो, बाई, यंदा कुठल्या कुशीवर झोपलीस.

उकायालीच्या एका वळणावर
मागच्या ऑगस्टात काठात सळया ठोकल्या होत्या,
बारा, आडव्या, टोकाला लाल रंग.
दरड ढासळेल तशी सळई उघडी पडेल,
उघडी पडेल तेवढी मोजायची. साधा हिशेब.
आता मे संपतोय, पाणी उतरलंय,
आणि विल्देर तांगोआ इंजिन बंद करून म्हणतो,
"इथेच."
इथे म्हणजे नदीच्या मधोमध.
होडी स्वतःभोवती फिरतेय, खाली आठ मीटर पाणी.
सळया नाहीत, काठ नाही,
काठावरची पपईची रांग नाही.
वहीतल्या बारा रकान्यांत मी बारा वेळा तेच लिहिते.
सातव्यापासून अक्षर बिघडतं.

लुपुनाचं झाड मात्र आहे.
त्याच्या भिंतीएवढ्या मुळावर पांढरा त्रिकोण काढला होता:
हा स्थिर बिंदू, सगळं याच्यापासून मोजायचं.
तो आता पैलथडीला.
झाड हललेलं नाही.
नेरी दुर्बिणीतून बघते, पुन्हा बघते,
आकडे बरोबर येतात
आणि तरी ती काच पुसते.
पुरात नदीने वळणाचा गळाच कापला,
झाडाच्या अलीकडून आरपार गेली.
जुनं वळण आता नुसतं तळं, घोड्याच्या नालेसारखं,
त्यावर पुएर्तो सुंगारोचा धक्का,
धक्क्याला बांधलेली एक होडी
जिला जायला कुठे नाही.

तेओलिंदा आवानारी त्या तुटल्या तुकड्यावर राहते.
जानेवारीपर्यंत ती ऐल होती.
जिल्ह्याची हद्द कागदावर नदीच्या मध्यातून जाते,
म्हणजे झोपली एका जिल्ह्यात, उठली दुसऱ्यात,
तिच्या कोंबड्यासुद्धा.
"शिक्का मारणारा साहेब येऊ दे की पोहत,"
ती म्हणते, आणि भाजलेलं कच्चं केळं पुढे करते.

किती वर्षांत किती सरकली नदी?
प्रश्न माझ्या कागदावर छापलेला आहे, चौथा.
ती उत्तर देत नाही, घराखाली नेते.
घर खांबांवर. कोपऱ्यातल्या एका खांबाला
कोयत्याच्या खाचा, नऊ.
काठ जवळ आला की घर उकलायचं,
खांब उपटायचे, मागे नेऊन रोवायचे,
आणि हा खांब दर वेळी नदीकडच्या कोपऱ्याला.
खोल खाच म्हणजे रात्रीची पळापळ.
दोन खाचा अगदी चिकटून आहेत.
"ते एकच वर्ष. धाकटा तेव्हा पोटात."
त्या धाकट्याचं मी विचारत नाही.
माझ्या कागदावर तो प्रश्न नाही.

नेरी खांबाला फीत लावते,
मग गुंडाळून खिशात घालते.
"पहिलं घर कुठे होतं?"
तेओलिंदा हनुवटीने नदीपलीकडे दाखवते.
"तुमचा तंबू आहे ना,
त्याच्या थोडं पुढे. चूल तिथेच होती."
काल रात्री आम्ही चहा केला ती जागा.

ऊन कलल्यावर तळ्याच्या तोंडाशी, ओल्या गाळावर,
जिथे माझ्या जुन्या नकाशात लिहिलंय
"पात्र, खोली अकरा मीटर",
ती अनवाणी भात फोकतेय.
गाळ पोटरीपर्यंत घेतो तिला आणि सोडतो.
आम्ही काठी, तिपाई घेऊन निघालो तर ओरडते,
"मधून नको! कडेने जा, कडेने!"

जातो कडेने.
कड आज कुठे आहे
ते तिलाच विचारत.