हसण्यावारी

तार्तूत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
पडद्यावर मी त्रीनूचा मेंदू उलगडते,
एकेक मिलिमीटर.
अगदी तळाशी,
दोन डोळ्यांचे धागे एकमेकांना ओलांडतात
त्याच्या जरा मागं,
वाटाण्याएवढी गाठ.
वाढत नाही. पसरत नाही.
नुसती हसते.

चार वर्षं सगळ्यांनी हसण्यावारी नेलं.
शाळेत म्हणाले, उद्धट आहे.
आजोबांची पेटी दोरांवरून खाली उतरत होती
तेव्हा कुणीतरी म्हणालं, निर्लज्ज.
वोरूचे डॉक्टर म्हणाले, लाडावलीय.
पहिल्या स्कॅनमध्ये काही नव्हतं,
जाड काप होते,
दोन कापांमधल्या फटीत ती बसून होती.

फक्त पिरेत, तिची आई,
बेकरीच्या बिलांच्या पाठीवर वेळा टिपत राहिली:
पहाटे चार दहा. सोळा सेकंद.
डोळे हसत नव्हते.

या शेवटच्या तीन शब्दांवर
मी नवा स्कॅन मागवला.

आता वाट आखायची.
केसासारखी तार आत जाईल,
टोकाशी उष्णता, बस्स.
पहिली रेघ शिरेला घासते. पुसते.
दुसरी सरळ जाते, देखणी,
पण स्मृतीच्या कमानीला लागून.
परवा उठून ही पोर
सकाळी काय खाल्लं ते विसरली तर?
पुसते.
तिसरी उजवीकडून, तिरकी.
हिला मी अजून काही म्हणत नाही.

आइवार होड्या बांधतो.
वाचेल का, असं त्यानं विचारलं नाही.
विचारलं, जागा किती सुटते?
अडीच मिलिमीटर.
तो आपल्या अंगठ्याच्या नखाकडे बघत राहिला.
'तेवढं तर करवतीचं पातंच खातं,' म्हणाला,
आणि टोपी घालून
पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला.
खिडकीतून दिसत होता. बर्फ नव्हता, नुसती थंडी.

मग मीच विचारात पडले:
हे हसू जाळलं
तर खालचं, तिचं स्वतःचं, कसं असेल?
ते कुणीच ऐकलेलं नाही.
आईनंही, नीटसं.

संध्याकाळी वॉर्डात गेले.
काय बोलावं सुचेना, म्हणून
एक भिकार विनोद सांगितला,
सांबर आणि तिकीट तपासनीस यांचा.
त्रीनूनं शेवटपर्यंत ऐकून घेतला.
'बरा आहे,' म्हणाली,
'पण आज माझं सात वेळा हसून झालंय.
ऑपरेशननंतर परत सांगा.'

खाली येऊन
तिसरी रेघ पुन्हा उघडली आहे.
अर्धा मिलिमीटर
अजून कुठून मिळतो का,
बघते आहे.