डोलकाठी, तिसरा मजला

रबाळ्याच्या कारखान्यात शेवटचं मशीन उतरलं
तेव्हा त्याचं खोकं कुणालाच नको होतं.
मी चार फळ्या मागून घेतल्या,
रिक्षाच्या टपावर बांधून ऐरोलीला आणल्या.
पाईन. कुठल्याशा थंड देशातलं, शिरा दाट,
एका फळीवर काळ्या शाईचा बाण :
ही बाजू वर.

फळी आठ फुटी, काठी हवी तेरा फुटी.
म्हणजे सांधा आला. तिरका, लांब, एकास बारा.
राळ लावून शिकंजे आवळले,
ते कमी पडले तिथे
हेमलताच्या परकरांच्या नाड्या.

तीस वर्षं लेथवर लोखंड गोल केलं.
तिथे काम फिरतं, हत्यार थांबतं.
इथे काठी निजलेली, फिरायचं मी.
चौकोनाचे कोपरे मारले, आठ झाले.
आठाचे सोळा.
सोळानंतर मोजायचं नसतं,
डोळे मिटून तळहात फिरवायचा,
हे दिव्याच्या पदू तांडेलनं शिकवलं.
दोन स्टुलांवर काठी ठेवून तो मधोमध रेलला :
"वाकते. बेस हाय. वाकत नाय ती मोरते."

पॅसेजमध्ये दोन महिने भुसा.
कुट्टीबाई पदर सावरून ओलांडायच्या,
एकदा म्हणाल्या, झेंडा लावणार का?
सोसायटीची नोटीस आली.
तिच्या कोऱ्या बाजूवर मी शिडाची मापं काढली.

लिफ्टचा प्रश्नच नव्हता.
जिन्याच्या वळणावर बुंधा इकडे अडला, शेंडा तिकडे.
हे आधी मोजलं का नाही,
असं हेमलता म्हणाली नाही.
तिने कुंड्या सरकवल्या,
मी ग्रिलचे स्क्रू काढेपर्यंत
खाली जाऊन कुणाची तरी स्कूटर हलवली
आणि वर बघत उभी राहिली, हात पसरून,
जणू झेलणारच आहे.

दोरी सोडत गेलो. दुसरा मजला. पहिला.
कुणाचा तरी वाळता टॉवेल शेंड्याला अडकून
सोबत खाली गेला.

दिव्याच्या धक्क्यावर ओहोटी होती,
होडी चिखलात एका कुशीवर.
तिघांनी मिळून काठी खाचेत उतरवली.
उभी राहिली. मी दोन पावलं मागे सरलो
आणि तेव्हा दिसलं :
इतका रंधा मारूनही बुंध्याशी, वॉर्निशखाली,
तो बाण उरलाय.
उलटा.
टोक थेट चिखलाकडे.

तांडेलनं वाकून पाहिलं, बोट फिरवलं.
"बराबर हाय," म्हणाला,
"पानी तिकरूनच येल."

मग हेमलताने डबा उघडला.
टॉवेल कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.