आटे

पुढचा दांडा गडहिंग्लजच्या भंगारातून आणला,
चारी चाकं ओढणारा.
उद्यमनगरात इलाही शिकलगारानं तो ठोकळ्यांवर टेकवला
आणि चहा सांगितला. म्हणजे काम लांबणार.

चाकाचे पाच नट बसले,
तेवढ्यावर मी खूश.
पण जुनी ब्रेकप्लेट
सहातल्या पाचच भोकांना ओळख देईना का,
सहावं ग्रहणातल्या चंद्रासारखं अर्धं झाकलेलं.
ड्रम दोन इंचांनी मोठा, त्यात जुने लायनर
थोरल्याच्या सदऱ्यात धाकटा घालावा तसे.
होजचे आटे एकीकडे इंची, एकीकडे मिली;
दीड फेरा गोडीनं फिरतात, मग अडतात.

शेजारचा लेथवाला म्हणाला, देतो की टॅप मारून.
इलाहीनं होज पुसला, परत पिशवीत घातला.
"इंजनाला जुगाड चालतंय.
गगनबावड्याच्या उतारावर ब्रेकला कोण समजवायचं?"

चार दिवस त्या दांड्याच्या घराण्यातलंच
सगळं शोधत हिंडलो.
तरी पेडल फळीला टेकलं:
जुन्या मास्टरचं तेल
एका तांब्यात दोन पंगती.
तोही बदलला.

दिवे लागताना मी सीटवर, तो जीपखाली.
दाब. धर. सोड.
दाब. धर.
बाटलीत बुडबुडे, मग थोडे, मग एकच.

"कुठं लागतोय?"
"वरच."

तरी तो लगेच बाहेर आला नाही.
एकेक जोड बोटानं पुसत राहिला,
ओल लागते का बघत.