तासाभराची नळी

सव्वादहाला कौतिका बावनथडेचं रक्त
काचेच्या उभ्या नळीत भरलं, शून्याच्या रेघेपर्यंत,
आणि घड्याळ लावलं.

आता तासभर काही करायचं नसतं.
टेबलाला धक्का लागू द्यायचा नाही, एवढंच.
लाल कण आपापल्या वजनानं खाली बसत जातात,
वर पिवळसर पाणी उरतं,
दिघोरीच्या बोडीतून म्हशी निघून गेल्यावर
गाळ बसतो, तसं.
फक्त इथं गाळ जितक्या घाईनं बसेल
तितकी आत झुंज मोठी.

"कायची वाट पाहून रायली बाई? रगत त देल्लं ना."

तिची बोटं रिकामी बसत नाहीत.
मांडीवर सूप नाही, तेंदूपान नाही,
तरी अंगठा कड दुमडतो, दोरा गुंडाळतो.
अठ्ठावीस वर्षं, दिवसाला हजार.
छाट वेगळी.

दुसरी नळी बर्फात. दामोधर ती
जीपमध्ये डब्याशेजारी ठेवून नागपूरला नेईल.
तिथं ती रुग्ण क्रमांक एकोणचाळीस,
तिच्या पेशींनी एकमेकींना किती हाका मारल्या
ते कुणीतरी यंत्रावर मोजेल.

सोमवारी हातावर टोचलं होतं.
आज बोट फिरवलं, पट्टी लावली. सपाट.
ती हसली, "काईच उठलं नाई. बरं हाय मंग?"

बेडक्याचा कागद माझ्या खिशात. तीन प्लस.
कसं सांगू, घरात चोर असताना
कुत्रं भुंकलं नाही
म्हणजे चोर नाही, असं नसतं.
कुत्र्यालाच सहा महिने पोटभर भात नव्हता.

सव्वाअकरा.
"किती आलं?"
"एकशे अठरा."
तिनं डोळे मिटून हिशोब केला,
"पाच कट्ट्यांले सात कमी."

गोळ्या, अंडी, शेंगदाण्याचे लाडू,
मधे एकदा पळून माहेरी गेली, आशाताईनं परत आणली.
पौषात आली तेव्हा नळीत बेचाळीस.
अभ्यासात होती म्हणून पुन्हा टोचलं,
आणि तिसऱ्या दिवशी ती धापा टाकत दारात,
"हे काय उठलं बाई? बिघडलं का?"

लाल, टणक, पावलीएवढी गाठ.
पट्टी लावली. चौदा मिलिमीटर.
पुन्हा लावली, उगाच.
बाहेर रांग होती, नाहीतर मोठ्यानं हसले असते.

ती पदरानं हात झाकू लागली.
राहू दे, म्हटलं, दिसू दे.
फक्त खाजवू नको.