हाताखालचं हाड

कलम्पटनच्या पुढे, डेव्हनमध्ये, मातीचा एक बांध आहे,
वर झुडपं, झुडपांत काटे.
अलीकडे डेरिक वेस्टकटच्या काळ्यापांढऱ्या,
पलीकडे त्याची मेहुणी हिल्डा यिओ, तिच्या तांबड्या.
मी दोन्हीकडची डॉक्टर.
मधे बूट धुते, हात धुते,
आणि गाय या शब्दाचा अर्थ बदलून घेते.

शिरवळच्या कॉलेजात वर्ग तीनच होते:
दुधाची, ओढकामाची, दोन्हीची.
मांसाची म्हणून पुस्तकात दीड पान होतं.
सर म्हणाले, परीक्षेला येत नाही.
आली.
फक्त अठरा वर्षं उशिरा.

इथे डोळ्यांवर विसंबायचं नाही, हातानं बघायचं.
शेपटीच्या मुळाशी बोटं, मग कमरेवर पंजा.
डेरिकची गाय म्हणजे खुंट्यांवर टाकलेली ओली चादर.
माकडहाडाशी मूठ मावेल एवढा खळगा,
आणि खाली कास, चालताना पायांना अडवणारी.
पहिल्या वर्षी मी म्हणाले, ही उपाशी आहे.
डेरिक म्हणाला, ही रोज चाळीस लिटर देते.
खाल्लेलं सगळं खाली उतरतं,
स्वतःपुरतं ती काही ठेवत नाही.
गुबगुबीत दिसली ना, की मला फोन कर,
काहीतरी बिघडलेलं असेल.

हिल्डाकडे बोटं रुततात.
हाड शोधावं लागतं,
पिठाच्या डब्यात पडलेल्या अंगठीसारखं.
पाठ अशी सपाट की वर परात ठेवावी,
मांड्या भरलेल्या, कास एवढीशी,
एका वासराच्या तहानेपुरती.
माझ्या आईनं हिला चार शब्दांत निकालात काढलं असतं:
पाटीभर खाते, वाटीभर देते.
हिल्डा दूध मोजतच नाही.
ती वासरू मोजते. काट्यावर.

वासरू मात्र आठ महिने आईजवळ असतं,
ढुशा देतं, पान्हा चोरतं, चिखलात तिला टेकून झोपतं.
बांधाच्या अलीकडे पहिला चीक पाजतात
आणि दुसऱ्या दिवशी वासरू दुसऱ्या शेडमध्ये.
म्हणून डेरिककडचं हंबरणं वर्षभर, एकेकटं,
कुणाच्या लक्षात न येणारं.
हिल्डाकडचं एकदाच, ऑक्टोबरात,
सगळ्या मिळून, तीन रात्री.
गावातले लोक खिडक्या लावून घेतात.
कुठलं बरं, हे मला कुणी विचारलेलं नाही,
आणि विचारलं तर मी गाडीची किल्ली शोधू लागेन.

यंदा डेरिकला पुरेशा कालवडी झाल्या.
उरलेल्या पोटांतून विकण्याजोगं काही हवं, म्हणाला.
मग नायट्रोजनच्या वाफेतून मी अँगसची काडी काढली,
खांद्यापर्यंत हातमोजा चढवला.
बांध असा ओलांडला जातो,
एकही काटा न लागता.

फेब्रुवारीत, पहाटे तीनला, दोरी लावून ओढला.
काळाभोर गोऱ्हा, खांद्यांशी अडकलेला.
सवयीनं कमरेवर हात ठेवला.
ना खळगा, ना मांस.
ओल्या केसांखाली गरम हाड फक्त,
अजून कुठल्याच बाजूचं नसलेलं.
त्यानं माझं बोट तोंडात घेतलं.
बोटातून काही येत नाही
हे कळायला त्याला बराच वेळ लागला.

सकाळी हिल्डा फाटकावर रेलून म्हणाली, खांदे आमच्या बाजूचे.
डेरिकनं कानात बिल्ला ठोकला, फॉर्म भरला.
जातीच्या रकान्यात बापाची जात.
आईचा नुसता नंबर.
पेन थंडीनं उठत नव्हतं,
त्यानं तळव्यावर घासून बघितलं, परत गिरवलं.

मी बूट धूत होते.
शेडमधून ती हंबरली. एकदाच.
दूध काढायची वेळ झालीच होती.