मिटल्या कळ्या

कपिलतीर्थातली मैनामावशी
लिलीच्या मिटल्या कळ्या माझ्यासाठी बाजूला काढते.
"देवाला चालत न्हाईत ह्या. तुला कशा चालत्यात गं?"

विद्यापीठात बर्फावर परागकोश सोलते मी.
एका नळीतून दोन नरपेशी निघतात, मावशी,
जुळ्याच दिसतात.
एकीचा गर्भ होतो,
दुसरी त्याची शिदोरी.
कुणी कुठं जायचं, हे कुठलं प्रथिन सांगतं?
की सांगतच नाही कुणी?

तीन महिने जेल कोरंच निघालं.
काल रात्री सागरमाळावर लाईट गेली, आली,
आणि खालून चौथ्या रेघेजवळ
नखाएवढी निळी सावली.
डाग असेल.
फोटो काढला. सरांना पाठवला नाही.

सकाळी मावशी म्हणाली, "आज उमललेल्याच हायत."
घेतल्या दोन.
टेबलावर बीकरमध्ये ठेवल्या, नुसत्याच.